कोथरूड, मुळशी, दापोली आणि एक कॅम्परव्हॅन: कोणतं डीटीएच घ्यावं?

डीटीएच घेताना माणूस आधी पॅक विचारतो. एकच घर असेल तर तेवढं पुरतं. पण कोथरूडला फ्लॅट, मुळशीच्या बाजूला शनिवार-रविवारचं घर, दापोलीला वडिलोपार्जित वाडी आणि पार्किंगमध्ये उभी कॅम्परव्हॅन असा पसारा असेल, तर पॅक ही शेवटी बघायची गोष्ट आहे. पॅक मोबाइलवरून पाच मिनिटांत बदलतो. उपग्रह आकाशात कुठे आहे हे मात्र तुमच्या हातात नसतं, आणि चारही ठिकाणी टीव्ही लागणार की नाही ते त्यावरच ठरतं. म्हणून ही पारख आम्ही चॅनेलच्या यादीपासून न करता छत्रीपासून करतो आहोत.

आपले सगळे डीटीएच उपग्रह पुण्याच्या पूर्वेला, विषुववृत्तावर उभे आहेत. त्यामुळे पुण्यातली प्रत्येक छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते. फरक पडतो तो उंचीचा. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. पुण्यातून त्यांची दिशा होकायंत्रावर साधारण १५३ अंश, म्हणजे दक्षिणेकडून जरासं पूर्वेला, आणि उंची क्षितिजापासून ६६ अंश. डीटूएच ८८ अंशांवरून येतं: दिशा १४२, उंची ६३. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंशांवर: दिशा १३२, उंची ५९. डिश टीव्ही एसईएस-८ वरून, ९५ अंशांवर: दिशा १२९, उंची साडेसत्तावन्न. एअरटेल १०८.२ अंशांवरच्या एसईएस-७ वरून येतं: दिशा ११५, उंची फक्त ४५. सन डायरेक्टचा मुख्य भर दाक्षिणात्य भाषांवर असल्याने ते इथे धरलेलं नाही. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे हे आकडे फोनच्या होकायंत्रावर जसेच्या तसे चालतात.

६६ आणि ४५ यांत काय एवढं, असं वाटेल. छत्रीसमोर झाड असेल तर कळतं. छत्रीच्या पातळीपेक्षा आंबा दहा मीटर वर गेला असेल, तर ८३ अंशांच्या उपग्रहासाठी छत्री झाडाच्या शेंड्यापासून साडेचार मीटर लांब असली की भागतं. ९३.५ साठी सहा मीटर लागतात, १०८.२ साठी पुरते दहा. हिशेब सोपा आहे: अडथळा छत्रीच्या जितका वर, त्याच्या निम्म्याहून कमी अंतर टाटा प्लेला पुरतं, एअरटेलला तितकंच अंतर लागतं. दापोलीच्या वाडीत माड-पोफळी घराला खेटून असतात, तिथे हा फरक टीव्ही लागण्या-न लागण्याचा होतो.

कोथरूडमध्ये झाडाच्या जागी रिडेव्हलपमेंट येते. तुमची तीन मजली जुनी सोसायटी, गच्ची जमिनीपासून दहा मीटर, आणि आग्नेयेला शेजारच्या प्लॉटवर अकरा मजले चढले, म्हणजे सुमारे ३५ मीटर. वर उरले २५ मीटर. टाटा प्लेच्या छत्रीला त्या भिंतीपासून ११ मीटर पुरतील, फ्री डिशला १५ लागतील, एअरटेलला २५. मधला रस्ता अरुंद असेल तर एअरटेलवाल्याला छत्री उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागते, आणि तेवढ्यानेही भागेलच असं नाही. सध्या पॅकमध्ये कोण किती सूट देतंय याच्या आधी आपल्या आग्नेयेच्या प्लॉटवर बोर्ड लागलाय का ते बघा.

जागा मोकळी आहे का हे तपासायला वर्षातून दोनदा सूर्य फुकटात मदत करतो. मार्चच्या १३ तारखेच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य या उपग्रहांच्या बरोबर मागून जातो. पुण्यात ८३ अंशांसाठी ती वेळ मार्चमध्ये दुपारी बाराच्या सुमाराची, ऑक्टोबरात पावणेबाराच्या जरा आधीची. ९३.५ साठी मार्चमध्ये सव्वाअकरा, ऑक्टोबरात अकराला पाच कमी. १०८.२ साठी मार्चमध्ये दहा वाजून पाच मिनिटं, ऑक्टोबरात पावणेदहा. त्या मिनिटाला छत्रीच्या जागेवर ऊन असेल तर उपग्रह दिसतो, सावली असेल तर नाही. ज्याची सावली तोच अडथळा. कोणती फांदी छाटायची तेही तिथेच कळतं. याच दिवसांत रोज काही मिनिटं चित्र फुटतं. ती छत्रीची चूक नाही, सूर्याचा गोंगाट सिग्नलला झाकतो. त्या आठवड्यात तक्रार नोंदवून माणूस बोलावलात तर भेटीचे पैसे फुकट जातील.

तर कंपन्यांबद्दल आमचं मत असं. अनेक ठिकाणांचा संसार सांभाळायला टाटा प्ले सर्वांत कमी त्रासाचं, आणि ते केवळ ८३ अंशांमुळे. कंपनीची आजची भिस्त जीसॅट-२४ वर आहे. तो जून २०२२ मध्ये सुटला आणि त्याची सगळी क्षमता टाटा प्लेनेच घेतली. डीटूएच दुसऱ्या क्रमांकावर, ६३ अंशही उत्तमच. डिश टीव्हीचा उपग्रह फ्री डिशपासून फक्त दीड अंश दूर आहे, त्याचा गाडीत एक फायदा आहे, तो पुढे येईल. एअरटेल वाईट नाही. मोकळ्या गच्चीवर त्याची छत्री अगदी नीट चालते, उलट ती जास्त उभी असल्याने पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण कमी साचते. पण झाडांतल्या घरासाठी आणि गाडीसाठी आम्ही ते सुचवणार नाही. बसवण्यापूर्वी बॉक्सच्या सेटिंगमध्ये उपग्रहाचं नाव बघून घ्यायचं. कंपन्या उपग्रह बदलतात.

आता पैसे. इथे लोक हमखास फसतात ते ‘मल्टी टीव्ही’ या शब्दाला. दुसऱ्या कनेक्शनला मिळणारी सवलत ही एकाच नावावर, एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी असते. हॉल आणि बेडरूम चालेल, कोथरूड आणि मुळशी नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये एकाच घरातल्या जादा टीव्हीसाठी एनसीएफ (चॅनेलच्या किमतीशिवाय द्यायचा नेटवर्कचा आकार) पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला होता, त्यातही अट एकाच घराची होती. जुलै २०२४ मध्ये एनसीएफची कमाल मर्यादाच उठली. तोवर २०० चॅनेलपर्यंत १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. बसवणं, जागा बदलणं, तात्पुरतं बंद ठेवणं यांचे दरही आता कंपनीनेच ठरवायचे, मात्र ते तिने जाहीर केलेच पाहिजेत. म्हणून फोनवरच्या माणसाने ‘साडेतीनशे होतील’ म्हटलं की तो दर कंपनीच्या संकेतस्थळावर कुठे आहे ते विचारा.

मुळशीच्या घरासाठी वेगळं कनेक्शन घ्यायचं का? समजा महिन्याला ३५० रुपयांचा पॅक. वर्षाचे ४,२०० झाले. घर उघडतं महिन्यातून चार वेळा, म्हणजे फार तर आठ दिवस, आणि पावसाळ्यात त्यातलेही निम्मे वीज नसते. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी त्याच उपग्रहाला लावलेली छत्री आणि वायर कायम ठेवायची आणि बॉक्स मात्र एकच, पिशवीतून न्यायचा. आमचा कौल याच पद्धतीला आहे. छत्री, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा), वायर यांचा खर्च एकदाच होतो, रिचार्ज एकच राहतो. भारतातल्या डीटीएचचा सिग्नल मुख्य भूमीवर सगळीकडे तोच येतो. दापोलीत तोच बॉक्स तीच चॅनेलं दाखवतो. अट एवढीच की एलएनबी त्याच कंपनीच्या बॉक्सला चालणारा हवा. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही, या नादाला लागूच नका. करारात पत्ता नोंदवलेला असतो, तेव्हा बॉक्स दुसऱ्या घरी नेण्याबद्दल आधी कंपनीला विचारून ठेवावं. छत्रीच्या तक्रारीसाठी माणूस यायचा तो नोंदवलेल्या पत्त्यावरच येणार, हेही लक्षात ठेवावं.

बॉक्स फिरवायचा असेल तर त्यातल्या दोन गोष्टी सांभाळा. काही बॉक्समध्ये स्मार्ट कार्ड असतं. घाटातल्या गचक्यांनी ते जागेवरून हलतं आणि पडद्यावर कार्ड नसल्याचा संदेश येतो. काढून, सोन्याचे बिंदू सुक्या सुती कापडाने पुसून, खट आवाज येईपर्यंत परत बसवलं की काम होतं. रबराने घासायचं नाही. दुसरं, रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्कचा बॉक्स गाडी चालू असताना कधीच सुरू ठेवू नये, डिस्क फिरत असताना धक्का बसला की ती गेली.

दोन बॉक्स ठेवलेत आणि एक मुळशीत महिनोन्‌महिने बंद राहिला, तर एक वेगळीच गंमत होते. रिचार्ज झालेला असतो, सिग्नल पूर्ण असतो, आणि तरी पडदा म्हणतो की चॅनेल घेतलेलं नाही. कारण असं: चॅनेल उघडण्याची परवानगी उपग्रहावरूनच बॉक्सला येते आणि ती ठरावीक मुदतीची असते. बॉक्स बंद असताना नवीन परवानगी येऊन गेलेली असते, ती घ्यायला तो जागा नसतो. मग बॉक्स एखाद्या चॅनेलवर लावून पंधरा-वीस मिनिटं तसाच सोडायचा आणि ॲपमधून किंवा मिस्ड कॉल देऊन रिफ्रेश पाठवायचा. रिफ्रेश पाठवताना बॉक्स चालू असणं आणि छत्रीला सिग्नल असणं, दोन्ही लागतं. कोथरूडच्या सोफ्यावर बसून मुळशीच्या बंद बॉक्सला कितीही रिफ्रेश पाठवले तरी उपयोग शून्य. हेच काम शुक्रवारी रात्री पोचल्या पोचल्या करून ठेवलं तर रविवारची मॅच सुरू होताना धावपळ होत नाही.

तीन महिने घर बंद राहणार असेल तर कनेक्शन तात्पुरतं थांबवण्याची सोय असते. ती आपोआप होत नाही. आधी काही दिवस लेखी मागणी करावी लागते आणि पुन्हा सुरू करायला शुल्क पडू शकतं. प्रीपेड असल्याने नुसतं रिचार्ज न करता सोडून देणारेही बरेच आहेत. तसं फार काळ सोडलं तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून दोन्हीतलं काय स्वस्त पडतं ते विचारूनच ठरवा.

एकाच घरात दोन बॉक्स असतील तर वायरीच्या मधोमध साधा स्प्लिटर टाकून देणारे कारागीर अजून भेटतात. तो चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. बॉक्स एलएनबीला वायरीतूनच वीज देतो: १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या पातळीत डोलणाऱ्या लहरींचे, सिग्नल पाठवतो, १८ दिले की आडव्या. हॉलच्या बॉक्सने १८ मागितले आणि बेडरूमच्याने १३, तर १८ जिंकतात आणि बेडरूमची निम्मी चॅनेलं गायब होतात. हॉलच्या बॉक्सचा प्लग काढला की बेडरूमला पुन्हा सगळं दिसतं, ही त्याची खूण. उपाय म्हणजे दोन तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर. सोसायटीत गच्चीवर एकच छत्री सामायिक करायची असेल तर मल्टिस्विच, म्हणजे एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना नीट वाटून देणारा डबा.

आता वायर, कारण घरच्या घरी सोडवता येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक इथेच संपतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर आरजी-६ नावाखाली दोन जातींची वायर मिळते. एकीची मधली तार शुद्ध तांब्याची, दुसरीची पोलादाची आणि वरून तांब्याचा मुलामा. दिसायला दोन्ही तांबूस. खिशात लहान चुंबक ठेवा: मधल्या तारेला चिकटला तर पोलाद. दहा-पंधरा मीटरपर्यंत तीही चालते. गच्चीवरून चार मजले खाली चाळीस मीटर आणायची असेल तर तांब्याचीच घ्या. पोलादातून वीज जाताना दाब पडतो, बॉक्सने सोडलेले १८ व्होल्ट एलएनबीपाशी पोचेपर्यंत कधी कधी इतके घसरू शकतात की एलएनबीला ते १३च वाटतात. मग काही चॅनेलं स्वच्छ आणि काही पूर्ण काळी, असं दिसतं, आणि सगळे छत्री हलवत बसतात.

वायरीच्या टोकाचा एफ कनेक्टर पिळून बसवायचा न घेता दाबून बसवायचा घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली पाहिजे, आणि तिच्याभोवतीच्या जाळीची एखादी केसासारखी तार तिला टेकता कामा नये. टेकली की बॉक्स शॉर्ट दाखवून एलएनबीची वीज तोडतो. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरात शिरणार नाही. जुना कनेक्टर उघडलात आणि तार हिरवी दिसली तर पुसून परत लावू नका. पाणी वायरीच्या आत, जाळीतून फूटभर तरी पुढे गेलेलं असतं. तार कोरी, चकचकीत दिसेपर्यंत कापत जायचं, आणि नवा कनेक्टर लावून वरून ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. साधी काळी इन्शुलेशन टेप उन्हात एका उन्हाळ्यात सुटते.

मुळशी-ताम्हिणीच्या पावसाबद्दल कुठलीच कंपनी खरं बोलत नाही. डीटीएचची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपासची, मोठे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. ताम्हिणीत सर येते तेव्हा चित्र जाणारच. साठ सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी नव्वदची लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि सिग्नल साडेतीन डेसिबलने वाढतो. त्याने वीस मिनिटांचा खोळंबा पाच-सात मिनिटांवर येऊ शकतो, खोळंबा संपत नाही. मात्र मोठी छत्री जास्त नेमकी लावावी लागते, आणि वारा तिला जास्त धरतो. पाईप दीड इंचाचा नको, दोन इंचाचा घ्या, आणि विटांच्या कठड्यात न ठोकता काँक्रीटमध्ये बसवा. पाऊस थांबल्यावरही अर्धा-एक तास चित्र येत नसेल तर तो दोष पावसाचा नाही. एलएनबीचं तोंड बघा: प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकलेली असते आणि आत पाणी. ऑक्टोबरात उघडलेल्या घरांत टोपी नसेल तर आत हमखास कुंभारणीचं मातीचं घर सापडतं. ओली माती सिग्नल पूर्ण अडवते. काडीने कोरून काढताना आतली बारीक पिन वाकणार नाही एवढं बघा.

दापोलीत शत्रू वेगळा आहे. खाऱ्या हवेने छत्रीचे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून एकजीव होतात आणि पुढच्या वेळी कोन बदलायचा म्हटलं की पाना फिरतो, बोल्ट फिरत नाही. बसवतानाच स्टेनलेसचे नटबोल्ट घाला आणि ग्रीस लावा. कारागीर यासाठी थांबत नाही. सामान आपणच हातात द्यावं. आणि वानरं. छत्रीचा दांडा ही त्यांना झोका घ्यायची जागा वाटते. साठच्या छत्रीची पकड साधारण तीन अंशांची, म्हणजे मधल्या रेषेपासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्मा. वानराने एकदा लोंबकळणं त्याला पुरेसं आहे. नीट लावलेली छत्री आणि पाईप यांच्या सांध्यावर ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवा. सरकली तर रेघ तुटलेली दिसेल आणि परत जुळवायला सिग्नल मोजायचा मीटरही लागणार नाही.

आता कॅम्परव्हॅन. कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण राज्याने २०२१ मध्ये आणल्यापासून अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत, आणि टपावर छत्री लावून द्या अशी मागणी गाडी बांधणाऱ्यांकडे होते. टपावर पक्की छत्री लावू नका. गाडी सावलीत उभी करायची असते आणि छत्रीला मोकळं आकाश लागतं, हा झगडा कधीच सुटत नाही. शिवाय गाडी उतारावर उभी राहिली की छत्रीमागची कोनाची पट्टी खोटं बोलते. स्वतः फिरून उपग्रह शोधणारे परदेशी घुमट मिळतात, पण ते युरोप-अमेरिकेच्या उपग्रहांसाठी भरलेले असतात. आपल्या उपग्रहाच्या फ्रीक्वेन्सी त्यात घालता येतात का हे विकणाऱ्याला लेखी विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. तीन पायांचा स्टँड, साठची छत्री आणि पंधरा मीटर वायर, एवढ्यात काम होतं.

गाडीत सेवा कोणती? इथे आमची पहिली पसंती फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली ही सेवा, महिन्याचा खर्च शून्य, बॉक्स एकदा विकत घेतला की संपलं. तीन महिने गाडी हलली नाही तरी परवानगी संपत नाही, कारण परवानगीची भानगडच बहुतेक चॅनेलांना नाही. डीडी सह्याद्री आहे, बातम्या आहेत. खासगी मराठी चॅनेलं लिलावाप्रमाणे दर वर्षी एप्रिलला बदलतात, आज आहे ते पुढच्या वर्षी असेल असं धरू नका. चित्र बहुतेक एसडी, पण चोवीस इंची पडद्यावर ते खटकत नाही. ज्यांच्या घरी डिश टीव्ही आहे त्यांनी घरचा बॉक्सही सोबत घ्यावा: छत्री फ्री डिशवर लागली की पूर्वेकडे दोन-अडीच अंश ढकलून आणि केसभर खाली करून डिश टीव्ही मिळतं, एकाच मांडणीत दोन्ही. एलएनबी मात्र दोन्ही बॉक्सना चालणारा हवा.

लावायची रीत अशी. गाडी उभी करतानाच आग्नेय बाजू मोकळी ठेवा. होकायंत्र गाडीपासून तीन-चार मीटर दूर जाऊन बघा, पत्र्याजवळ ते भरकटतं. दूरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा. स्टँडचा उभा पाईप लेव्हलच्या बुडबुड्याने दोन्ही बाजूंनी सरळ करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग अर्धा तास शोधत बसतात. पाईप सरळ असेल तर मागच्या पट्टीवरचा कोन खरा असतो आणि तो गाडी कुठेही नेली तरी फार बदलत नाही. ८३ अंशांसाठी पुण्यात ६६, तारकर्लीला ६८, नाशिकला ६४, नागपूरला ६५. बदलते ती दिशा: पुण्यात १५३, नागपुरात १६९, म्हणजे जवळजवळ थेट दक्षिण. म्हणून उंचीचा बोल्ट रंगाने खूण करून आवळून ठेवा आणि शोधताना छत्री फक्त डावी-उजवी फिरवा.

एलएनबीलाही थोडा पीळ द्यावा लागतो. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघताना घड्याळाच्या उलट दिशेला, ८३ साठी सुमारे २५ अंश, ९३.५ साठी सुमारे ४५.

मग टीव्हीवर सिग्नलचा पडदा उघडा. त्यात दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय एवढंच. ती ८० दाखवते तेव्हा छत्री भलत्याच उपग्रहाकडेही असू शकते. बघायची ती क्वालिटी. छत्री एक अंश फिरवायची, तीन सेकंद थांबायचं, पुन्हा एक अंश. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सरसर फिरवली तर बरोबर जागेवरून पुढे निघून जाते आणि कळतही नाही. क्वालिटी आली की डावीकडे ती जिथे पडते आणि उजवीकडे जिथे पडते त्यांच्या मधोमध थांबवा, मग उंची, मग एलएनबीचा पीळ, याच क्रमाने. काही शे रुपयांचा पिऽऽ करणारा सॅट फाइंडर कुठल्याही उपग्रहावर पिऽऽ करतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. शेवटी स्टँडच्या मधल्या हुकाला दहा लिटरचा पाण्याचा कॅन लटकवा. समुद्रकाठी संध्याकाळचा वारा सुटला की कॅन नसलेली छत्री आडवी होते.

विजेचा हिशेब. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात, खात्री तळाशी चिकटवलेल्या लेबलावर करा. म्हणून तो थेट गाडीच्या बॅटरीला जोडावा असं वाटतं. जोडू नका: इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या वर दाब असतो. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर घाला. बॉक्स आणि छत्री मिळून साधारण पंधरा वॅट, १२ व्होल्टचा चोवीस इंची टीव्ही तीस. शंभर अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची धरली तर सहाशे वॅट-तास मिळतात, म्हणजे तेरा तास टीव्ही. घरचा बत्तीस इंची टीव्ही इन्व्हर्टरवर लावलात तर इन्व्हर्टरच दहा-पंधरा टक्के खातो आणि तोच हिशेब नऊ तासांवर येतो. पंखा आणि फ्रिज त्याच बॅटरीवर असतील तर त्याहून खूपच आधी दिवे जातील.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ॲप चालवून हे सगळं टाळता येतं का? शहरात आणि महामार्गावर येतं. एचडीला तासाला दीड ते तीन जीबी जातात. पण जिथे गाडी घेऊन जायची हौस असते, पानशेतच्या मागे, वेळासच्या किनाऱ्यावर, तिथे एका कंपनीची रेंज असते तर दुसरीची नसते, आणि शनिवारी संध्याकाळी सगळे तोच टॉवर वापरतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवून ॲप जोडीला असू द्या. कोथरूडच्या घरात फायबर असेल तर मात्र तिथलं डीटीएच बंद करून बॉक्स कायमचा मुळशीला हलवायचा विचार जरूर करा, पत्ताबदल नोंदवून.

निघताना आधी बॉक्सचा प्लग काढायचा, मग वायर सोडायची. चालू बॉक्सची वायर उघडली आणि मधली तार कनेक्टरच्या कडेला टेकली की एलएनबीचे १८ व्होल्ट शॉर्ट होतात. छत्री झाकायला जुनी गोधडी पुरते. एलएनबीचा दांडा दुमडणारा नसेल तर तो सोडवून वेगळा ठेवा, कारण सामानाखाली आधी तोच वाकतो.